पर्सेपोलिसच्या जिन्यावरची सिंहीण

गेल्या नाताळला आमच्या आळीच्या गोठ्यात इराणच्या राजाचा महाल उभा राहिला. त्याचा जिना मी केला. ‘आमची आळी’ म्हणताना माझी जीभ अजून जरा अडते, कारण आळी त्यांची आहे, मी भाडेकरू. विरारजवळच्या नंदाखालमधल्या एका वाडीत, घराच्या मागे, पूर्वी केळी पिकत घालायची एक खोली होती. तिला खिडकी पाडून, मोरी बांधून ती मला दिली. घरमालकीण साठीच्या पुढची, ख्रिस्ती. वाडीत केळी आणि फुलं. घरातल्यांशी ती आपल्या बोलीत बोलते, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. मी तिला मावशी म्हणते. तिचा मुलगा मुंबईत नोकरीला जातो. त्याला मी दादा म्हणते आणि तो मला ताई. दोघांचं वय सारखंच असेल.

मी सातवीनंतर शाळा सोडली. गाव यवतमाळकडचं. नवरा विरारला नव्या इमारतींत फरशी बसवायला आला, त्याच्या मागून मी आले. कावीळ होऊन तो गेला तेव्हा मुलगी पहिलीतही नव्हती. तिला माझ्या आईकडे गावी ठेवलं आणि मी आगाशीच्या रस्त्यावर मूर्तींच्या कारखान्यात लागले. आधी साच्यातून निघालेल्या मूर्ती घासायच्या, मग रंग, मग शाडूचं हातकाम. मावशी त्या कारखान्यात हारांची फुलं द्यायला यायची. एकदा तिने विचारलं, कुठे राहतेस. मी सांगितलं. ती म्हणाली, ते काय राहणं आहे का, आणि त्याच संध्याकाळी खोली दाखवायला घेऊन गेली. भाडं काय घेणार, हे विचारायचीसुद्धा मला भीती वाटत होती. मला अजून सगळ्याचीच भीती वाटते. कोणी चांगलं वागलं की जास्तच.

तर गोठा, म्हणजे नाताळात येशूच्या जन्माचा देखावा मांडतात तो. दिवाळी झाल्यावर दादाने ओट्यावर बसून मोबाइल पुढे केला.

“दरवर्षी आपण बेथलेहेमचा डोंगर करतो, गवत टाकतो, वर चांदणी लावतो. सगळ्या आळ्या तेच करतात. तीन राजे आले कुठून, ते कोणी दाखवत नाही.”

मावशी माठ निवडत होती. “पूर्वेकडून आले. दरवर्षी प्रवचनात सांगतात.”

“पूर्वेकडून म्हणजे इराणकडून, आय. हे बघ, पर्सेपोलिस. तिथल्या राजांची राजधानी.”

फोटोत मोकळ्या माळावर दगडी खांब उभे होते. उंच आणि सडपातळ, डोक्यावर छप्पर नाही.

“हे तर पडलंय,” मावशी म्हणाली.

“पडलेलं नाही दाखवायचं. होतं तेव्हा कसं होतं, ते दाखवायचं.”

“आणि बाळ कुठाय?”

“बाळ पलीकडे, गोठ्यात. इकडे महाल, तिकडे गोठा, मध्ये राजोडीच्या किनाऱ्याची वाळू. राजे महालातून निघालेत.”

“म्हणजे बाळापेक्षा महाल मोठा.”

“महाल मोठाच असतो गं.” मग तो जरा हसला. “खरं सांगायचं तर राजे निघाले तेव्हा हा महाल नव्हताच. त्याच्या तीनेकशे वर्षं आधीच जाळून टाकला होता.”

“मग?”

“मग काय. आपण कापसाचं बर्फ टाकतोच ना. ते कोणी विचारतं का?”

माझ्याकडे वळून तो म्हणाला, “ताई, जमेल?” मी हो म्हटलं. या घराला मी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आळीतल्या क्रुसासमोर गोठ्याचा मांडव उभा राहिला आणि कारखान्यातून सुटल्यावर मी तिकडे जाऊ लागले. शेवटी शेवटी तर कारखान्याच्या शेठनीच दुपारपासून सोडलं, सामान त्यांच्याकडूनच जात होतं म्हणून. खांबांना आम्ही फ्लेक्सच्या दुकानातली पुठ्ठ्याची लांब नळकांडी आणली. खऱ्या खांबांना वरून खाली उभ्या पन्हळी आहेत. त्यासाठी खोक्यांच्या पुठ्ठ्याचा आतला नालीदार कागद सोलून गुंडाळला आणि वर चुना-पिवडीचा हात मारला. लांबून अगदी दगड. त्या दरबारात म्हणे असे खांब नुसते रांगांनी उभे होते, माणूस आत शिरला की नारळाच्या वाडीत उभं राहून वर बघितल्यासारखं वाटत असेल.

खांबांच्या डोक्यावर बैल असतात. एक नाही, दोन, पाठीला पाठ लावून बसलेले, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. दोघांच्या मधल्या खोबणीत छपराची तुळई टेकवलेली. मला ती रचना फार पटली. बैलाच्या पाठीवर ओझं ठेवायचं आणि त्याचं तोंड मात्र राजेशाही करायचं. मी शेठकडे नंदीचा साचा मागितला.

“कशाला?”

“मागचा भाग कापायचाय. दोन पुढचे जोडायचेत.”

“नंदी कापायचं पाप माझ्या कारखान्यात नको.”

“इराणचा बैल आहे, शेठ.”

“बैल इराणचा असेल. साचा माझा आहे.” दोन दिवसांनी त्यांनीच साचा काढून दिला आणि स्वतः मात्र कापताना बाहेर चहाला गेले. साच्यातून काढलेल्या नंदीला करवत लावायच्या आधी मी हात जोडले. कापल्यावर पुन्हा जोडले.

जिना मात्र सगळा माझ्याकडे आला. पर्सेपोलिसचा महाल एका प्रचंड दगडी चौथऱ्यावर आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत, अगदी बुटक्या. लांब झगे घातलेली मोठी माणसं धाप न लागता, रुबाबात चढावीत म्हणून तशा केल्या असाव्यात, असं दादाने वाचलं होतं. दरबाराच्या जिन्याच्या भिंतीवर कोरीव काम आहे. राजाच्या राज्यातले देशोदेशीचे लोक भेट घेऊन चाललेत. ज्याच्या मुलखात जे पिकतं, जे मिळतं ते. कोणी वशिंडाचा बैल, कोणी उंट, कोणी मेंढा, कोणी कापड, कोणी वाट्या. प्रत्येक घोळक्याच्या पुढच्या माणसाचा हात राजाच्या एका माणसाने धरलाय आणि तो त्याला नेतोय.

“दुसऱ्या राजांच्या भिंतींवर हरलेली माणसं बांधून आणलेली असतात,” दादा म्हणाला. “इथे हात धरून.”

“भेट द्यायचीच असेल तर हात धरला काय आणि बांधला काय,” मावशी म्हणाली.

मला मात्र ते हात आवडले. प्लायवूडवर शाडू थापून मी आधी हातच केले. मलाही इथे कोणी तरी हात धरूनच आणलं होतं. ते ऋण मी त्या बोटांमध्ये ओतत होते म्हणा. जेवायची शुद्ध राहत नव्हती.

दादा आळीतल्या मुलांना वाचून दाखवायचा. हा महाल बांधायला लांबलांबून कारागीर आणले होते, दगडवाले वेगळ्या देशाचे, सोनार वेगळ्या. बायकाही कामाला होत्या, मातीच्या पाट्यांवर त्यांचा शिधा लिहून ठेवलाय. बाळंतिणीला जास्तीचा शिधा मिळायचा, आणि मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट.

“तेव्हापासून?” मावशी म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. मग माझ्या मनात आलं की या बायकांची आधीची पोरं कुठे असतील. त्यांच्या गावी असतील, आणखी कुठे. मी शाडूला पाणी लावलं आणि तो विचार तिथेच मोडला.

एका घोळक्यात एक सिंह होता. फोटो लहान, माझ्या मोबाइलची काच तडकलेली. गळ्यात दोरी, मागून दोन माणसं हातात काही तरी छातीशी धरून चाललेली. मी सिंह केला. भरघोस आयाळ, छाती पुढे, तोंड समोर राजाकडे. कारखान्यात आम्ही देवीचे किती तरी सिंह केलेत, हाताला तोच सिंह येतो. आणि आमच्याकडे एक नियमच आहे, देवापुढचं कोणीही देवाकडे पाठ किंवा मान फिरवून बसत नाही. उंदीरसुद्धा वर गणपतीकडे बघतो. मागच्या दोघांच्या हातात मी कोकरं दिली. नाताळच्या गोठ्यात माणसाने उचललेलं काहीही असलं तर ते कोकरूच असतं.

ते काम अर्धं झालं असताना एका दुपारी मी गावी फोन लावला. एरवी मी रात्री जेवणाच्या आधी लावते. त्या दुपारी कारखान्यातली एक बाई म्हणाली की तिच्या पोरीला चष्मा लागला, म्हणून मला माझी आठवली. शाळा असेल, आई उचलेल, म्हणून लावला. उचलला मुलीने. मागे कुकरची शिट्टी झाली.

“शाळा नाही?”

“सुट्टी हाये.”

“कसली?”

“अशीच. सरांची मीटिंग हाये.”

दुसऱ्या दुपारी पुन्हा लावला. पुन्हा तिनेच उचलला. आज कसली मीटिंग, म्हटलं. मग आईने फोन घेतला.

“काही नाही व. माह्या हाताले जरा लागलं. हापशीपाशी पाय सरकला.”

“जरा म्हणजे?”

“प्लास्टर हाये.”

“कधीपासून?”

“तुले कायले सांगाव? तू तिकडून येऊन का करनार होती? पोरगी हाये ना. सगळं करते. स्वयंपाक, पाणी, माही वेणीसुदिक.”

मुलगी आठवीत. दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हापासून ती गेलीच नव्हती. रोज रात्री मी विचारत होते, अभ्यास झाला का, आणि ती रोज हो म्हणत होती, आणि मला ते हो पुरत होतं. शाळा अशीच सुटते, मला माहीत आहे. माझीही कोणी सोडवली नव्हती. धाकट्या भावाला गोवर झाला, मग पेरणी आली, मग एवढे दिवस बुडाल्यावर वर्गात बसायची लाज वाटू लागली. आमच्या घरात कोणी रडलंसुद्धा नाही.

तरी मी त्या दिवशी निघाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोठा अर्धा आहे, यांनी आपल्यासाठी एवढं केलंय, शेठनी सुट्टी दिली नाही तर, असं सगळं मनात मांडत राहिले. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली जे होतं ते मला दिसत होतं. मला इथे बरं वाटत होतं. हाताला काम आणि कामाला नाव. रविवारी चालत राजोडीला जायचं, वाळूत बसून भेळ खायची, कोणी म्हणायचं नाही की मलाही दे. घरी आल्यावर चूल नाही पेटवली तरी चालायचं. मुलीला जवळ आण असं मावशी किती तरी वेळा म्हणाली होती, आणि मी दर वेळी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी बघू. खोली लहान आहे, तिथली शाळा बरी आहे, आई एकटी पडेल. कारणं सगळी खरीच होती. म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

पुढच्या दुपारी मावशी मांडवात चहा घेऊन आली. फुलांची टोपली सोबत होतीच, ती खुर्चीत बसून हार ओवू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “हे काय केलंस? कुत्रा?”

“सिंह आहे, मावशी.”

“आणि हे मागचे दोघे काय घेऊन चाललेत?”

“कोकरं.”

“सिंहाच्या मागे कोकरं? त्यांना काय वेड लागलंय?” तिने टोपलीतून आपला मोबाइल काढला, दादाने तोच फोटो तिलाही पाठवला होता आणि त्याची काच धड होती. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. “कोकराला असा पंजा असतो?”

मी हात पुसून गेले. पंजेच होते. जाड, गोल, पोरांच्या हाताएवढे.

“पिल्लं आहेत ती,” मावशी म्हणाली. “हिची. आयाळ बघ, आहे का कुठे? मादी आहे ही. आणि बघतेय कुठे ते बघ.”

तिचं अंग राजाकडे होतं. दोरी ताणलेली, पाय पुढे पडत होते. मान मात्र सगळी मागे वळलेली. सगळे घोळके वर चाललेले, कोणी बोलतंय, कोणी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतंय, आणि त्या भिंतीवर ती एकटीच, जनावर असून, माणसासारखी मागे बघत होती. त्या भिंतीवर बाई एकही नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मादी तेवढी ही.

मी ओलं फडकं घेतलं आणि माझा सिंह पुसला. मग कोकरं पुसली. पिल्लं जमली. धड जमलं. मान काही बसेना. अंग पुढे आणि मान मागे करायची तर गळ्यापाशी कातडीला वळ्या पडतात, त्या किती खोल घ्यायच्या ते हाताला कळत नव्हतं. दोनदा केली, दोनदा मोडली. तिसऱ्यांदा मोडताना मावशीने विचारलं, “झालंय काय तुला?”

मी तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. हापशी, प्लास्टर, मीटिंग, कुकर. फुलं ओवण्याचा आवाज येत नाही, पण थांबलेला कळतो.

“कधी कळलं तुला?”

“परवा.”

“परवा. आणि आज तू इथे मान वळवत बसलीयस.”

“काम आहे ना, मावशी. तुमचा गोठा...”

“गोठ्याचं नाव पुढे करू नकोस. गेल्या वर्षी डोंगर होता, या वर्षीही डोंगर झाला असता. त्याचं कोणाला काय पडलंय.” मग तिने त्या चित्राकडे बोट केलं. “तिच्या गळ्यात दोरी आहे म्हणून ती चाललीय. तुझी दाखव मला. कुठाय?”

मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं ते बोलले. “मला इथे बरं वाटतं, मावशी. तिची आठवण येते, पण बरं वाटतं.”

मला वाटलं, आता ती उठून जाईल. ती उठली नाही.

“बरं वाटू नये असं कोण म्हणालं? मी नवऱ्यामागे वाडी सांभाळली, मलाही बरंच वाटलं. पण तुझं ते बरं कोणाच्या जिवावर चाललंय, तेवढं बघ. ती पोर तिकडे भाकऱ्या थापतेय.”

त्या संध्याकाळी मान बसली. चांगली झाली असं नाही म्हणणार, वळ्या जरा जास्त पडल्या. शेठना फोन केला, ते पाच मिनिटं ओरडले आणि मग म्हणाले, जा. नाताळाला थोडे दिवस राहिले असताना मी एसटीत बसले. मावशीने वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधून दिली. दादा म्हणाला, ताई, राजे आम्ही उभे करू.

गावी पोचले तेव्हा मुलगी अंगणात भांडी घासत होती. उंच झाली होती. ती धावत आली नाही. हात तसाच राखेचा, तिने वर बघितलं आणि विचारलं, “कितीक दिवसांसाठी?”

“आजीचा हात बरा होईपर्यंत.”

“आन् मंग?”

मी पिशवी खाली ठेवली. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक मी हाती घेतला. ती शाळेत जायला तयार नव्हती. माझीच लाज तिच्या तोंडून येत होती, पोरी हसतील, सर उभं करतील, काहीच समजणार नाही. मी तिच्याबरोबर शाळेत गेले आणि वर्गाच्या दारापर्यंत पोचवलं. पहिल्या दिवशी ती मधल्या सुट्टीतच परत आली. मी पुन्हा घेऊन गेले. आई ओट्यावर बसून म्हणत होती, राहू दे व, एक वर्स गेलं तं का होते. माझ्या वेळी तिने हेच म्हटलं होतं. तिच्यावर रागावणार होते, पण प्लास्टरमधला हात बघितला आणि तिची वेणी घालायला बसले. तो हात मोडला तेव्हा मी कुठे होते?

नाताळच्या दिवशी दादाने गोठ्याचा व्हिडिओ पाठवला. खांब दिव्यांत खरोखर उंच वाटत होते. बैलांच्या पाठीवर तुळया नीट बसल्या होत्या, राजे वाळूतून उंट घेऊन निघाले होते. माणसांची गर्दी होती आणि गर्दीत मावशीचा आवाज येत होता, येणाऱ्या प्रत्येकाला ती धरून धरून सांगत होती, “इकडे बघा. ही मादी आहे. पिल्लं मागे आहेत ना, म्हणून.” दादाने खाली लिहिलं होतं, आळ्यांच्या गोठ्यांच्या स्पर्धेत दुसरे आलो, पहिला नंबर डोंगराला.

मी मुलीला तो व्हिडिओ दाखवला. हे आपल्या आईने केलं, हे तिला दिसावं असंही मनात होतं. तिने दोनदा बघितला. सिंहिणीपाशी थांबवला.

“हे तू केली?”

“हो.”

“छान हाये.” मग तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “पन मागं पाहून का होते, आई? चालून तं पुढंच राह्यली ना.”

ती चिडून बोलली नव्हती. गणितातली चूक दाखवावी तसं बोलली, आणि दप्तर भरायला गेली.

मी शेठना कळवलं की वार्षिक परीक्षा होईपर्यंत येत नाही. ते म्हणाले, जागा रिकामी ठेवता येणार नाही. मी बरं म्हटलं. आईचा हात बरा झाला, थोडा वाकडा. मुलगी पास झाली, कशीबशी. मावशीने खोली तशीच ठेवली होती. जूनमध्ये आम्ही दोघी आलो. शेठनी हंगाम जवळ आला म्हणून मला पुन्हा घेतलं. कमी पगारावर, पण घेतलं.

आई आली नाही. शेळ्या कोन पाहीन, म्हणाली. एसटी सुटताना ती हात हलवत होती, वाकडा हात नाही, दुसरा.

मुलगी आता इथे नववीत जाते. रोज संध्याकाळी आजीला फोन तीच लावते. जेवली का, म्हणून विचारते. आजी हो म्हणते. तेवढ्यावर ती ऐकत नाही, काय जेवली ते सांग म्हणते, मग भाजी कोणती, भाकरी कधीची, पाणी कोणी भरलं, हात दुखतो का, खरं सांग. फोनवर हो कसं म्हणायचं असतं, ते तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. सगळं विचारून झालं की फोन माझ्या हातात देते आणि अभ्यासाला बसते. पलीकडे आई वाट बघत असते. मला विचारायला काही उरलेलं नसतं.